वासोट्याची बुजणारी वाट

वासोटा हा सातारा जिल्ह्याच्या जावळी तालुक्यातला, सह्याद्रीच्या मुख्य धारेवर उभा असलेला वनदुर्ग आहे. त्याच्या पूर्वेला कोयनेचे खोरे पसरले आहे. पश्चिमेचे कडे सरळ कोकणात उतरतात आणि त्यांच्या पायथ्याशी खेड तालुक्यातले चोरवणे गाव आहे. माथा फार मोठा नाही. पडझड झालेले दरवाजे, छप्पर नसलेले मारुतीचे देऊळ, महादेवाचे मंदिर, वाड्याचे जोते, पाण्याची टाकी आणि चुना मळण्याचा घाणा एवढेच बांधकाम आज तिथे दिसते. राजगडासारखी लांबलचक तटबंदी किंवा रायगडासारखी राजवास्तू इथे कधीच नव्हती. तरीही हा गड दीड-दोनशे वर्षे सर्वांत अवघड ठिकाणांत गणला गेला, तो त्याच्याभोवतीच्या रानामुळे. या रानातून वर जाणारी वाट कोणी राखली, कोणी मोडली, कोणी तोडून काढली आणि कोणी पुन्हा बुजू दिली, यातच गडाचा बराचसा इतिहास सामावलेला आहे.

जावळीपासून दक्षिणेला चांदोलीपर्यंतचा हा पट्टा आज सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत विभागला आहे. पावसाचे प्रमाण प्रचंड आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि याच पट्ट्यातल्या नवजा, पाथरपुंज यांसारख्या ठिकाणांची गणना राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या गावांत होते. हा सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. म्हणून इथले रान वर्षभर एकसारखे नसते. चैत्र-वैशाखात उघडेबोडके दिसणारे उतार आषाढ-श्रावणात गवताने आणि झुडपांनी भरून जातात. ओढ्यांच्या काठी जांभूळ, उंबर, आंबा असे मोठे वृक्ष असतात. वर चढावे तसे अंजनी, हिरडा, पिसा यांची गर्दी होते आणि गारंबीचे जाड वेल झाडांना गुंडाळून वर जातात.

वाट शोधणाऱ्याला खरा अडथळा मात्र या मोठ्या झाडांचा होत नाही. मोठ्या झाडांखाली सावली असल्याने झुडपे कमी माजतात आणि चालायला मोकळीक मिळते. अडवणारी असते ती कारवी. उतारांवर, धारेच्या खांद्यांवर, झाडोऱ्याच्या कडेने ती एकसंध वाढते. बोटाएवढ्या जाडीच्या सरळ काठ्या, खरखरीत पाने, आणि उंची माणसाच्या डोक्यावरून जाणारी. पावसाळ्यात तिला नवी पालवी फुटते आणि दोन्ही बाजूंच्या काठ्या वाटेवर झुकून एकमेकींत अडकतात. अशा कारवीत शिरलेल्या माणसाला दोन हात पुढचे दिसत नाही. उतार कोणत्या बाजूला आहे हे पायांनाच ओळखावे लागते. कारवी साधारण सात वर्षांनी एकदा फुलते. त्या वर्षी सगळा डोंगर जांभळा होतो, मधमाश्यांना खाद्य मिळते, आणि बी धरून झाडे वाळून जातात. पुढच्या वर्षी वाळलेल्या काठ्यांमधून चालणे थोडे सोपे होते, पण त्याच पावसात रुजलेली रोपे एक-दोन वर्षांत पुन्हा दाटी करतात. त्यामुळे एकाच डोंगराची एकच वाट एका वर्षी सापडते आणि दुसऱ्या वर्षी हरवते.

पायथ्याच्या गावांना हीच कारवी उपयोगी पडत आली. तिच्या काठ्यांचा कुड विणून, त्यावर शेणमातीचा गिलावा देऊन घरांच्या आणि गोठ्यांच्या भिंती केल्या जात. त्यासाठी दरवर्षी कारवी तोडली जाई, आणि तोडीच्या निमित्ताने गावाजवळच्या वाटा आपोआप मोकळ्या राहत. वाटांच्या इतिहासात ही साधी गोष्ट महत्त्वाची आहे. डोंगरातली पायवाट बांधलेली नसते, ती वापराने राहते. दोन पावसाळे माणूस आणि गुरे गेली नाहीत तर ती उरत नाही.

यासाठीच शरद ऋतूला या डोंगरांत वेगळे स्थान आहे. भाद्रपद सरता सरता पाऊस ओसरतो, ओढ्यांचे पाणी उतरते, शेवाळलेला खडक सुकू लागतो आणि जळवा दिसेनाशा होतात. चालण्याजोगे दिवस येतात, पण त्याच वेळी गवत छातीपर्यंत वाढलेले असते आणि झाडांची पाने अजून गळलेली नसतात. आश्विनात डोंगर चढणाऱ्याला दरवर्षी वाट नव्याने काढावी लागते. हातात कोयता घेतलेला माणूस पुढे, बाकीचे मागे, हा त्याचा जुना रिवाज आहे. ढोरवाटा फसव्या असतात, कारण गुरे चाऱ्याच्या शोधात जातात आणि वाट मध्येच संपते. म्हणून जाणता वाटाड्या घळीत न उतरता सोंडेच्या माथ्याने चालतो. सोंड कुठे ना कुठे मुख्य धारेला मिळतेच, घळ मात्र कड्याशी नेऊन सोडते. फाट्यावर झाडाच्या खोडावर कोयत्याचा घाव घालायचा किंवा दगडावर दगड रचून ठेवायचा, म्हणजे परतीला चूक होत नाही.

मराठ्यांच्या लष्करी वर्षाची सुरुवातही याच ऋतूत होई. पावसाळ्यात फौजा छावणीला राहत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमा निघत. देशावर त्या वेळी रस्ते सुकून घोडदळाला मोकळे होत. जावळीच्या रानात मात्र हाच काळ सर्वांत दाट झाडीचा असे. देशावरच्या फौजेला जो मोसम अनुकूल, तोच इथे बाहेरून येणाऱ्याला प्रतिकूल ठरे. या विसंगतीचा पुरेपूर फायदा सतराव्या शतकात घेतला गेला.

त्या आधी जावळी मोऱ्यांकडे होती. ‘चंद्रराव’ हा त्यांचा किताब होता आणि विजापूरच्या आदिलशाहीच्या वतीने ते हा मुलूख पिढ्यान् पिढ्या सांभाळत. त्यांच्या सत्तेचा पाया महसुलापेक्षा घाटांवर होता. पार, हातलोट, त्याखाली तिवरा, कुंभार्ली आणि मळे या घाटांनी देशावरचे धान्य, गूळ आणि कापड कोकणात उतरे, आणि मीठ, सुकी मासळी, नारळ आणि बंदरातला माल वर चढे. ओझी बैलांच्या आणि माणसांच्या पाठीवरून जात. ज्याच्या हातात घाटाचे तोंड, त्याच्या हातात जकात आणि त्याच्याच हातात खबर. जानेवारी १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, तेव्हा त्यांच्या ताब्यात एका खोऱ्याबरोबर वाटांचे हे सगळे जाळे आले. पाठोपाठ रायरी हाती आली आणि पार घाटावर नजर ठेवणारा प्रतापगड उभा राहिला.

या जाळ्याचे सामर्थ्य १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफजलखानाला कळले. खान काही अनोळखी मुलखात आला नव्हता. वाईची सुभेदारी त्याने केली होती आणि डोंगर कसे आहेत हे त्याला ठाऊक होते. तरीही पावसाळ्यानंतरच्या दाट झाडीत त्याची फौज पारच्या परिसरात खाली उतरली आणि अडकली. झाडीत दडवलेल्या मावळ्यांच्या टोळ्यांनी, गडावरून इशारा होताच, वाटांची तोंडे धरली. हत्ती, तोफा, उंट, घोडे हे सगळे वैभव त्या रानात ओझे होऊन बसले. खानाचा मुलगा फाजलखान वाचला, तो कोयनेच्या काठाकाठाने आडवाटांनी कराडकडे निसटल्यामुळे, आणि त्यालाही वाट दाखवायला इथलाच माणूस लागला. इतिहासकारांनी या प्रसंगातली भेट, वाघनखे आणि चिलखत यांवर पुष्कळ लिहिले आहे. त्या मानाने, वाटाड्या मिळाला तो जगला आणि न मिळाला तो रानात राहिला, ही बाजू मागे पडली आहे.

वासोटा स्वराज्यात आला तो पुढच्या वर्षी. १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात असतानाच, जूनमध्ये, मावळच्या पायदळाने हा गड घेतला. त्याचा उपयोग प्रामुख्याने कैदी ठेवण्यासाठी झाला. राजापूरच्या वखारीतून पकडून आणलेल्या इंग्रजांपैकी काहींना इथे ठेवले होते. तुरुंग म्हणून ही निवड नेमकी होती. कैदी तटावरून उतरला तरी पुढे जाणार कुठे, हा प्रश्न उरेच. पूर्वेला रान, पश्चिमेला कडा, आणि दोन्हीकडे अस्वल, गवा आणि वाघ यांचा वावर. महाराजांनी गडाचे नाव व्याघ्रगड ठेवले अशी परंपरा आहे.

दक्षिणेकडच्या टोकाला, आज सांगली आणि रत्नागिरी जिल्ह्यांच्या सीमेवर येणाऱ्या रानात, हीच व्यवस्था प्रचितगडाच्या रूपाने दिसते. त्याच्या पायथ्याचे शृंगारपूर सुर्व्यांकडे होते. ते १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतले. कोकणातून गडावर येणारी वाट उभ्या कड्याची, तर देशावरून येणारी पाथरपुंजच्या बाजूने दाट अरण्यातली लांबची चाल. पण जंगल कोणा एकाच्या बाजूचे नसते, हेही याच भागाने दाखवले. फेब्रुवारी १६८९ मध्ये मोगल सरदार मुकर्रबखान कोल्हापूरहून सह्याद्री ओलांडून अचानक संगमेश्वरावर आला आणि संभाजी महाराज कैद झाले. ज्या रानावर भरवसा होता, त्याच रानातल्या घाटवाटांनी शत्रू वेगाने उतरला. वाटेची माहिती परक्याला मिळाली की दुर्गमता संपते, याचे इतके विदारक उदाहरण मराठ्यांच्या इतिहासात दुसरे नाही.

गडाभोवतीचे रान आपोआप टिकते असे मराठी राज्यकर्त्यांनी कधी मानले नाही. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात दुर्गांवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात झाडीबद्दल नेमके आदेश आहेत. गडाच्या राखणीची झाडी मुद्दाम वाढवावी, तिच्यातली एक काठीही तोडू देऊ नये, प्रसंगी तिच्यात बंदूकधारी शिपाई दडवता यावेत, अशी त्यांची सूचना आहे. वाटांबाबत ते आणखी पुढे जातात. गडावर यायचे मार्ग सोपे असू नयेत, असल्यास ते मोडून त्यावर झाडी वाढवावी आणि अवघड मार्ग दुसरीकडून काढावेत, असे ते सांगतात. हा मजकूर वाचताना लक्षात येते की आज ज्याला आपण निसर्गाने दिलेले जंगल म्हणतो, त्यातला काही भाग तरी सरकारी हुकुमाने राखलेला आहे. रान ही तटबंदीच होती. फक्त ती दगडाची नव्हती आणि तिची डागडुजी म्हणजे कोयता न चालवणे.

या तटबंदीचे राखणदार पायथ्याच्या गावांत राहत. गडाच्या वाटेवर मेटे असत, म्हणजे चौकीच्या वस्त्या. तिथले मेटकरी येणाऱ्या-जाणाऱ्याची खबर ठेवत, रात्री गस्त घालत आणि त्या बदल्यात घेऱ्यातली जमीन कसत. वासोट्याच्या पायथ्याच्या मेट इंदवली या गावाच्या नावात ही व्यवस्था आजही शाबूत आहे. वर पठारांवर गवळी धनगरांचे वाडे होते. म्हशी घेऊन ते सड्यांवर राहत, तूप आणि दही खाली कोकणात आणि देशावर नेऊन विकत, आणि परतताना धान्य-मीठ आणत. गडावरचा शिपाई बदलीने येई आणि जाई. वाटा मात्र धनगरांच्या आणि मेटकऱ्यांच्या डोक्यात पिढ्यान् पिढ्या राहत. कोणत्या घळीत उन्हाळ्यात पाणी टिकते, कोणत्या सोंडेवर रामेठा माजतो, अस्वल कोणत्या मोसमात कुठे असते, ही माहिती कोणत्याही दप्तरात नोंदली गेली नाही. जावळीच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा आणि सर्वांत अलिखित भाग आहे.

पेशवाईच्या अखेरीस वासोटा दोनदा ठळकपणे पुढे आला. पहिला प्रसंग ताई तेलिणीचा. औंधचे परशुराम श्रीनिवास प्रतिनिधी यांना दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मसूरला अटकेत ठेवले होते. ताई तेलिणीने सैन्य जमवून त्यांना सोडवले आणि बंड उभे राहिले. पेशव्यांच्या वतीने बापू गोखले चालून आले. प्रतिनिधी जखमी होऊन पकडले गेले, तरी ताई तेलीण वासोट्यावर जाऊन लढत राहिली. सुमारे आठ महिने तिने गड झुंजवला आणि धान्याच्या कोठाराला आग लागल्यावरच तो बापू गोखल्यांच्या हाती गेला. १८०७ च्या सुमाराची ही घटना आहे. या लढ्यावरचा एक ठसकेबाज दोहा अजून लोकांच्या तोंडी आहे, पण त्यात या बाईचे शौर्य विनोदाच्या अंगाने येते. तिचे खरे मोल वेगळे आहे. सरदारकीचा वारसा नसलेल्या बाईने, पेशवाईतल्या उत्तम सेनापतीला एका पूर्ण मोसमाहून अधिक काळ रानात रोखून धरले. असे उदाहरण त्या काळात शोधूनही सापडत नाही.

दुसरा प्रसंग १८१८ चा. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात हंटर आणि मॉरिसन हे दोन तरुण इंग्रज अधिकारी पेशव्यांच्या माणसांनी पकडले. आधी कांगोरीला आणि नंतर वासोट्याला त्यांना ठेवले होते. सातारच्या छत्रपतींच्या घराण्यातली काही माणसेही याच गडावर होती. फेब्रुवारीत आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि छत्रपती प्रतापसिंह महाराज इंग्रजांकडे आले. त्यानंतर जनरल प्रिट्झलरची फौज वासोट्याकडे वळली. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टन आणि प्रतापसिंह महाराजही छावणीत दाखल झाले.

या मोहिमेत लढाईपेक्षा वाट तोडण्याचे काम मोठे होते. वासोट्याच्या दक्षिणेला, मधल्या खोल दरीपलीकडे, जुना वासोटा नावाचा डोंगर आहे. तो वासोट्याहून उंच आहे आणि तिथून गडाचा माथा तोफेच्या टप्प्यात येतो. रामचंद्रपंतांनी गडाजवळ दुसरा उंच डोंगर असू नये, असल्यास तो सुरुंगाने उडवून कमी करावा किंवा बांधून ताब्यात ठेवावा, असे का सांगितले होते ते इथे उमगते. इंग्रजांनी रान तोडून, तोफा आणि उखळी तोफा चढत्या उतारावरून ओढत जुन्या वासोट्यावर नेल्या. ५ एप्रिल १८१८ रोजी मारा सुरू झाला आणि एका दिवसात गड शरण आला. हंटर आणि मॉरिसन सुखरूप सुटले. ताई तेलिणीला जिथे आठ महिने टिकता आले, तिथे अकरा वर्षांनी एक दिवसही टिकाव लागला नाही. दरम्यान गडाचे कातळ तेच होते. बदलली होती ती वाट. ती तोफेएवढी रुंद झाली होती, आणि ऋतूही शरद नव्हता. एप्रिलमध्ये पाने गळून कारवी उघडी पडते आणि उतार दिसू लागतो.

युद्ध संपल्यावर या रानात वेगळ्या हेतूने चढणारी माणसे आली. १८२४ मध्ये जनरल लॉडविक साताऱ्याहून रानातून वाट काढत महाबळेश्वरच्या पठारावर पोचले, आणि तिथल्या थंड हवेबद्दल त्यांनी मुंबई सरकारला कळवले. आज त्यांच्या नावाने ओळखला जाणारा कडा त्या चढाईची आठवण आहे. महाबळेश्वर हे क्षेत्र अर्थात त्यापूर्वी शतकानुशतके लोकांना ठाऊक होते. कृष्णेच्या उगमाशी यात्रेकरू येत आणि पाच नद्यांच्या देवळात स्नान करत. लॉडविकसाहेबांनी शोधली ती जागा नव्हती, तिचा नवा उपयोग होता. प्रतापसिंह महाराजांनी साताऱ्याहून तिथवर रस्ता करवला आणि १८२९ मध्ये खंडाळा गावाच्या बदल्यात ती जागा इंग्रजांना मिळाली. गव्हर्नर माल्कमच्या नावाने पेठ वसली. पुढे कुंभार्ली आणि आंबेनळी हे गाडीरस्ते झाले, आणि डोंगर ओलांडणारी बहुतेक रहदारी त्या दोन घाटांत गोळा झाली. मधल्या घाटांचे महत्त्व गेले. हातलोट, तिवरा, मळे या वाटा स्थानिक माणसांपुरत्या उरल्या.

त्याच काळात जंगलाची मालकी बदलली. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे पहिले वनसंरक्षक नेमले गेले. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलांची आखणी झाली. उतारावर झाडोरा तोडून, जाळून, राखेत नाचणी-वरी पेरायची कुमरी शेती सरकारला नको होती. तिच्यावर बंधने आली. रान राखायचे हे धोरण जुनेच होते, पण जुन्या काळी त्या राखणीत पायथ्याच्या माणसाचा वाटा होता. आता तोच माणूस स्वतःच्या डोंगरात परवानगीवाचून काठी तोडली तर गुन्हेगार ठरू लागला.

या असंतोषाचा उद्रेक झाला तो आजच्या सांगली जिल्ह्यात. शिराळा तालुक्यातल्या बिळाशीला १९३० मध्ये जंगल सत्याग्रह झाला. बिळाशी तेव्हा सातारा जिल्ह्यात होती. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. मिठाचा कायदा समुद्रकाठी मोडता येत होता. डोंगरकाठच्या गावांनी त्याऐवजी जंगलाचा कायदा मोडला. सागाचे झाड तोडून गावात आणले आणि त्यावर तिरंगा उभारला. झेंड्याच्या राखणीत बायका आघाडीवर होत्या आणि पोलिसांच्या दडपशाहीलाही त्यांनी तोंड दिले. बिळाशीची ही आठवण स्वातंत्र्यलढ्याच्या पुस्तकांत नोंदली जाते, पण ती वनांच्या इतिहासातही तितक्याच मानाने यायला हवी. झाडी कोणाची आणि तिच्यात शिरण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न वारणाकाठच्या लोकांनी उघडपणे विचारला होता.

दुर्गांकडे अभ्यासाच्या आणि भटकंतीच्या दृष्टीने पाहणे विसाव्या शतकात सुरू झाले. चिंतामण गंगाधर गोगटे यांनी शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्रातल्या किल्ल्यांची माहिती ग्रंथरूपाने एकत्र केली. गो. नी. दांडेकरांनी प्रत्यक्ष चालून गडकोटांवर लिहिले आणि मराठी मध्यमवर्गाला घराबाहेर काढले. मुंबईत १९५४ मध्ये गिरिविहार ही संस्था स्थापन झाली आणि डोंगरचढाईला शिस्त आली. घाटावरच्या उघड्या किल्ल्यांवर सरावलेल्या या मंडळींना वासोट्याचे रान वेगळे भासले. इथे गड दिसतो तो माथ्यावर पोचल्यावरच, आधी सारा वेळ झाडीत जातो.

पण तोवर खोरेच बदलू लागले होते. १९५४ मध्ये कोयना प्रकल्पाचे काम सुरू झाले आणि साठच्या दशकाच्या पूर्वार्धात धरण उभे राहिले. शिवसागर जलाशय हेळवाकपासून तापोळ्यापर्यंत पसरला. खोऱ्यातली भातशेती, गावठाणे आणि नदीकाठची जुनी वाट पाण्याखाली गेली. माणसे सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशा दूरच्या जिल्ह्यांत विखुरली. महाराष्ट्राच्या कारखान्यांना आणि शहरांना वीज मिळाली ती या खोऱ्याच्या बदल्यात, आणि विस्थापितांच्या जमिनीचे प्रश्न पुढची अनेक दशके लोंबकळत राहिले. मागे उरलेल्या गावांना तालुक्याच्या ठिकाणी जायचे तर लाँचचा आधार उरला. वासोट्याला जाणारी पूर्वेची पायवाट अशी एका बाजूने पाण्यात बुडाली. आज बामणोलीहून होडीने मेट इंदवलीला उतरावे लागते आणि तिथून चढ सुरू होतो.

धरणाने माणसे हलली आणि १९८५ मध्ये कोयना अभयारण्य जाहीर झाले. चांदोली अभयारण्यही त्याच वर्षीचे. तिथे वारणेवरच्या धरणाचा वसंतसागर जलाशय झाला, गावे उठली आणि २००४ मध्ये त्या रानाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचे एकूण क्षेत्र ११६५ चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाचा जागतिक वारशात समावेश केला, त्या यादीत कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही नावे आहेत. मे २०१८ मध्ये चांदोलीत कॅमेऱ्याने वाघ टिपला आणि व्याघ्रगड या नावाच्या मुलखात वाघ अजून फिरतो हे सिद्ध झाले.

सांगली जिल्ह्यातच याच काळात एक उलटी कहाणी घडली. देवराष्ट्रे गावाजवळच्या सागरेश्वरच्या टेकड्या कमी पावसाच्या आणि उजाड होत्या. धो. म. मोहिते यांच्या पुढाकाराने तिथे झाडे लावली गेली, कुंपण झाले, हरणे-सांबरे सोडली गेली आणि १९८५ मध्ये अवघ्या १०.८७ चौरस किलोमीटरांचे अभयारण्य उभे राहिले. जावळीत रान राखले गेले, सागरेश्वरला ते माणसांनी वाढवले. दुष्काळी पट्ट्यात एका लहान डोंगरावर झाडी आणण्यासाठी जे कष्ट पडले, ते पाहिल्यावर पश्चिमेच्या रानाची किंमत जास्त कळते.

वासोट्याची आजची वाट ही या सगळ्या थरांवरून जाते. वनखात्याची परवानगी घेऊन, दिवसाउजेडी, ठरलेल्या वाटेनेच गडावर जाता येते. पावसाळ्यात प्रवेश बंद असतो आणि तो उघडतो शरदात. मेट इंदवलीच्या ओढ्यापाशी मारुती आणि गणपतीच्या जुन्या मूर्ती आहेत. ओढा ओलांडला की झाडी अंगावर येते. काही ठिकाणी मुळांच्याच पायऱ्या झाल्या आहेत. चढ संपता संपता वाट दुभंगते: एक वासोट्याला जाते, दुसरी नागेश्वराच्या गुहेकडे. कारवी या फाट्याच्या आसपास सर्वांत दाट आहे, आणि दोन्ही वाटा सुरुवातीला सारख्याच दिसतात. गडाच्या माथ्यावरून दक्षिणेला बाबू कडा दिसतो. वासोटा आणि जुना वासोटा यांच्यामधली ही खोल, इंग्रजी यू अक्षरासारखी वळलेली भिंत पाहिली की १८१८ च्या तोफखान्याने कोणते अंतर ओलांडून मारा केला हे डोळ्यांना कळते. जुन्या वासोट्यावर त्या तोफांसाठी तोडलेली वाट मात्र राहिलेली नाही. तिथे जायला रीतसर मार्ग नाही आणि रानाने ती जागा पूर्ण परत घेतली आहे.

पश्चिमेची वाट अजून चालती आहे, आणि ती भटक्यांमुळे टिकलेली नाही. चोरवण्याहून कोकणातले भाविक नागेश्वराला चढतात आणि महाशिवरात्रीला तिथे मोठी गर्दी होते. घाटाचा व्यापार थांबला, मेटे उठली, धनगरवाडे ओस पडले, तरी देवाला जाणाऱ्या माणसांच्या पायांनी ही एक वाट दरवर्षी मोकळी राहते. प्रचितगडाच्या बाबतीत असे झाले नाही. शृंगारपूरच्या बाजूने शिडीने चढता येते, पण पाथरपुंजकडची लांबची वाट राष्ट्रीय उद्यानात गेल्यापासून परवानगीशिवाय बंद आहे. तिच्यावरची धनगरांची ये-जा संपली, तसे गवत आणि कारवी दोन्ही बाजूंनी मिटत गेली. वनसंवर्धनाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. गव्याला आणि अस्वलाला निवांत रान हवे. पण त्याबरोबर वाटांची नावे, पाणवठ्यांची नावे आणि सोंडांची नावे सांगणारी पिढीही सरत चालली आहे. विस्थापित गावांतल्या वयस्क माणसांकडून ही नावे टिपून घेऊन नकाशावर मांडण्याचे काम अजून व्हायचे आहे. ते त्यांच्या हयातीतच होऊ शकते.